कोंबडीच्या उवा आणि कपाशीचें औषध

आपल्या नांदेड-लातूरकडील खेड्यांत कोंबडी ही बहुधा घरच्या बाईची मिळकत असते. ती सात-बाऱ्यावर चढत नाहीं व तिच्या मरणाचा पंचनामा होत नाहीं. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली कागदांत गेलें. पिकांच्या नुकसानीचे तक्ते पुष्कळ लिहिले, पण उवांनीं खंगलेल्या कोंबडीसाठीं त्यांत रकाना नव्हता. जानेवारी २०२५ मध्यें उदगीर येथें कावळे मेले व बर्ड फ्लूचें निदान झालें, तेव्हां सारी सरकारी यंत्रणा हालली. तें योग्यच झालें. परंतु उवांचा उपद्रव बारमास चालतो, आणि त्यावर कित्येक घरीं जो उपाय होतो तो रोगापेक्षां भयंकर आहे. कपाशीवर फवारून उरलेलें विष पाण्यांत कालवून कोंबडीच्या अंगास चोळणें, हा तो उपाय होय.

प्रथम शत्रु नीट ओळखावा. पिवळसर, चपटी ऊ आपला सारा जन्म पक्ष्याच्या अंगावरच काढते. पिसें व कातडीचा कोंडा हें तिचें खाद्य. एक जात तर कोवळीं पिसें फोडून रक्तहि पिते. शेपटीखालीं पिसांच्या मुळाशीं लिखांचे झुबके दिसतात. खुडूक कोंबडी उवांनीं त्रासून अंडीं सोडून उठते, व पिलें निघालींच तर त्याच उवा त्यांच्या अंगावर चढतात. कोंबड्यांच्या गोचिडाची गोष्ट निराळी. तो दिवसां खुराड्याच्या फटींत दडतो व रात्रीं बाहेर येऊन रक्त पितो. म्हणून उवांसाठीं कोंबडीवर उपाय करावा, गोचिडासाठीं खुराड्यावर. हा भेद न जाणणारा विष खर्चूनहि निम्मा शत्रु जिवंत ठेवतो.

"दवाखान्याच्या औषधास पैसे पडतात, कपाशीचें औषध तर घरांतच आहे," असें कोणी म्हणेल. पण कोंबडी चोचीनें पिसें साफ करते, तेव्हां तें विष तिच्या पोटांत जातें, आणि तिचें अंडें आपल्याच लेंकराच्या ताटांत येतें. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधेनें शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. त्याच सालीं हॉलंड-बेल्जमांत कोंबड्यांच्या किड्यांवर फिप्रोनिल वापरल्याचें उघडकीस येऊन लक्षावधि अंडीं नष्ट करावीं लागलीं. तेंच फिप्रोनिल आपल्याकडे कपाशीच्या किडींवर विकलें जातें. तेथें अंडें तपासणारा होता; आपल्या परसांतील अंडें कोण तपासणार?

खरा उपाय सोपा आहे. कोरडी माती, वाळू व चाळलेली राख यांचा खड्डा पावसापासून आडोशाला ठेवावा. कोंबडी आपण होऊन त्यांत लोळते. उवा फार असल्यास पशुवैद्यकास विचारून कोंबड्यांसाठींच असलेली भुकटी पिसांच्या मुळाशीं, विशेषतः पंखांखालीं व शेपटीखालीं लावावी. औषधानें लिखा मरत नाहींत. त्या चार ते सात दिवसांत फुटतात. म्हणून दहा-बारा दिवसांनीं तोच उपाय पुन्हां करावा. सीताफळाच्या बियांचें पीठ उवांवर वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु तें डोळ्यांस फार घातक आहे, हें विसरूं नये. रात्रीं खुराड्याच्या फटी दिव्यानें पाहाव्या व त्या लिंपून टाकाव्या.

उदगीरास पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तालुक्यांत दवाखाने आहेत. आठवडी बाजारीं दोन घटका एक कोंबडी हातीं घेऊन हें दाखविलें, तर शंभर पत्रकांपेक्षां अधिक काम होईल. तें होईपर्यंत शेतकरी बंधूंनीं कपाशीची बाटली खुराड्यापासून दूर ठेवावी, आणि कोंबडी पाळणाऱ्या भगिनींनीं ती ठेवावयास लावावी, एवढीच विनंति आहे.