फिरून येणारी चूक

‘बटणे दाबणे हे काय वाजवणे झाले?’ यंत्रावरच्या संगीताबद्दल माझ्या वयाची माणसे हमखास असे विचारतात. बटणे कोणती, ते तरी पाहू. १९८८ साली अकाई कंपनीने रॉजर लिन यांनी रचलेले ‘एमपीसी ६०’ हे सॅम्पलर बाजारात आणले. त्यावर सोळा रबरी चौकोन. ढोलाची थाप असो की जुन्या तबकडीतला तुकडा, आवाज आत साठवायचा आणि बोटांनी वाजवायचा. साठवण मुळात जेमतेम तेरा सेकंदांची! वाजवलेले ठरावीक मात्रांनी फिरून येते, तो लूप. त्यावर वादक श्रोत्यांसमोरच एकेक थर चढवत जातो.

एकल तबल्यामागे पेटीवर लेहरा फिरतो, तसेच हे. फरक एवढाच, की लेहरा धरणारा तबलजीकडे पाहून सांभाळून घेतो. यंत्र कोणाकडे पाहत नाही. आयत्या वेळी सुचलेला ठोका भलत्या जागी पडला, तर तो दर आवर्तनाला हजर! खतावणीतली चुकीची नोंद अशीच पुढे ओढली जाते (बँकेत निदान लाल शाई असे). मग वादक तो थर पुसतो, किंवा भोवती नवे ठोके बसवून त्या चुकीलाच चालीत सामावून घेतो. हे क्षणात सुचावे लागते. याला वादन म्हणायचे नाही, तर कशाला?

आणि ज्या पेटीवर आपण लेहरा ऐकतो, तिला रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली होती. ती उठायला १९७१ उजाडले.