औषधाआधीची चाचणी

२०२४ च्या जुलैमध्ये केंद्रीय अर्थसंकल्पात कर्करोगावरील तीन औषधांचे सीमाशुल्क माफ झाले, तेव्हा त्या निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले. ते योग्यच होते. परंतु करमाफीचा लाभ ज्याला औषध विकत घेणे मुळात शक्य आहे त्यालाच होतो. शिवाय नव्या चिकित्सेत औषधाच्या आधी एक पायरी असते, तिची चर्चा क्वचितच होते. अंडाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

पेशीतील डीएनएला सतत इजा होत असते व पेशी ती दुरुस्त करीत असते. दुरुस्तीच्या एका मार्गाला बीआरसीए १ व बीआरसीए २ ही जनुके लागतात. ज्या गाठीत यांपैकी एक निकामी झालेले असते, तिच्या पेशी ‘पार्प’ या विकराच्या मार्गावर तगून राहतात. औषधाने तोही रोखला की त्या मरतात. निरोगी पेशींचा पहिला मार्ग शाबूत असल्याने त्या बहुतांशी वाचतात. या तत्त्वावरील ओलापॅरिब या औषधाला २०१४ साली अमेरिकेत व युरोपात मान्यता मिळाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जनुकदोष असलेल्या व केमोथेरपीने आजार आटोक्यात आलेल्या स्त्रियांपैकी या गोळ्या घेणाऱ्या ६० टक्के स्त्रिया तीन वर्षांनंतर रोग न बळावता हयात होत्या. इतरांत हे प्रमाण २७ टक्के होते. दोष नसलेल्यांना एवढा लाभ होत नाही. म्हणजे जनुकचाचणीवाचून या औषधावर केलेला खर्च हा अंधारातला खर्च होय.

पण चाचणीचे खरे मोल रुग्णाच्या खाटेपाशी संपत नाही. दोष आनुवंशिक निघाला तर तो रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात व अपत्यात असण्याची शक्यता निम्मी असते. बीआरसीए १ चा दोष असलेल्या स्त्रीला हा कर्करोग होण्याचा आयुष्यभराचा धोका ४० टक्क्यांच्या घरात जातो. एरवी तो एक टक्क्याच्या आसपास असतो. हा रोग लवकर हेरणारी भरवशाची तपासणी नाही. मात्र मुलेबाळे झाल्यावर अंडाशय व बीजवाहिन्या काढल्यास धोका पुष्कळच टळतो. दोष नेमका कोठे आहे हे एकदा कळले की नातेवाइकांची तपासणीही स्वस्तात होते. मात्र पैसे भरायचे रुग्णाच्या नवऱ्याने आणि जीव वाचायचा मेहुणीचा, असा हा व्यवहार आहे. शस्त्रक्रियेने आधीच कर्जबाजारी झालेल्या कुटुंबाकडून ही अपेक्षा कशी करावी? ज्या खर्चाचा लाभ परक्या घरी जातो तो बाजारात नेहमीच अपुरा होतो. म्हणूनच तो सरकारने उचलावयाचा असतो.

किंमत ही काही अटळ गोष्ट नव्हे. अमेरिकेत या जनुकांची चाचणी एकाच कंपनीच्या मक्त्यात होती व तिला तीन हजार डॉलरांहून अधिक पडत. निसर्गात आढळणाऱ्या डीएनएवर पेटंट घेता येणार नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला आणि इतर प्रयोगशाळा लागलीच स्वस्त चाचण्या घेऊन पुढे आल्या. आपल्याकडे नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील रुग्णालयांनी चाळीस औषधांची एकत्र घासाघीस केली, तेव्हा सुमारे ८२ टक्के बचत झाली. चाचण्यांची खरेदी अशी का होऊ नये?

यावर एक रास्त आक्षेप आहे. भारतात गर्भाशयमुखाचा कर्करोग कितीतरी अधिक आढळतो, आणि तो टाळण्याचा मार्ग याच महाराष्ट्रात सिद्ध झाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवरील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ते काम अर्धवट टाकून जनुकांच्या मागे धावणे चुकीचे ठरेल. पण येथे मागणी सर्व स्त्रियांच्या जनुकचाचणीची नाही. सरकारी रुग्णालयात आलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांपुरती आहे, आणि ती संख्या मोजता येण्याजोगी आहे. त्या चाचणीसोबत समुपदेशकाची एक जागाही भरावी लागेल. घरात लग्नाच्या मुली असताना असला दोष लपविण्याकडे कल असतो, आणि सासरी गेलेल्या बहिणीपर्यंत हा निरोप आपसूक पोहोचत नाही.