नसांच्या गोळीतला आकडा

हातापायाला मुंग्या येतात असं औषधाच्या दुकानात सांगा. चिठ्ठी न मागता ‘नसांची गोळी’ पुढे येते. पूर्ण स्ट्रिप नको म्हटलं की कात्री चालते. पाच गोळ्यांचा तुकडा हाती पडतो, त्यावर गोळीचं अर्धंमुर्धं नाव. घटकांची ओळ बहुतेक वेळा दुकानातल्या अर्ध्यावरच राहते.

त्या ओळीत एक शब्द असतो, पायरिडॉक्सिन. म्हणजे ब-६ जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला ते दिवसाला दोन मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. बाजारात मात्र ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या गोळ्याही मिळतात. हे जीवनसत्त्व गरजेच्या कितीतरी पट, महिनोन्‌महिने पोटात जात राहिलं, तर संवेदना वाहून नेणाऱ्या नसांनाच इजा होऊ शकते. लक्षणं कोणती? मुंग्या, बधिरपणा, तळपायांची आग. ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली, तीच. मग मुंग्या वाढल्या म्हणून माणूस गोळ्या वाढवतो.

हे काल-परवा कळलेलं नाही. रोज ग्रॅमच्या हिशेबात ब-६ घेणाऱ्या सात रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८३ सालीच केली होती. त्यांचा चालताना तोल जात होता. गोळ्या थांबवल्यावर ते सुधारले. पुढे याहून बऱ्याच कमी मात्रेवरही अशा तक्रारी आल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात दिवसाची मात्रा १० मिलिग्रॅमच्या वर गेली, की वेष्टनावर इशारा छापावाच लागतो: मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा जाणवला तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. व्हिटॅमिनच तर आहे, जास्तीचं लघवीतून निघून जाईल. लघवी पिवळीधमक होते ती ब-२ मुळे. ब-६ किती साठलं, हे त्या रंगावरून कळत नाही.

ब-६ लागतं तिथे लागतंच. क्षयावर आयसोनियाझिड चालू असेल आणि डॉक्टरांनी सोबत ब-६ दिलं असेल, तर ते मनाने बंद करू नये. पण शाकाहारी माणसाच्या किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहीच्या मुंग्यांमागे अनेकदा ब-१२ची कमतरता असते. ती रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि ब-६ कितीही गिळलं तरी भरून निघत नाही. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

औषध प्रशासनाने अशा गोळ्यांवर मराठीत, ठळक इशारा सक्तीचा करावा. तोवर कापलेला तुकडा तसाच खिशात घालू नका. घटकांची बाजू मागा, मोबाइलमध्ये तिचा फोटो घ्या, आणि पायरिडॉक्सिनसमोरचा आकडा डॉक्टरांना दाखवा.