लोकसंख्येने गोल होत नाहीत

आपल्याकडे खेळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'एवढा मोठा देश, एवढी माणसे, आणि अकरा पोरे मिळू नयेत?' चहाच्या टपरीवर, एस.टी.त, वर्गात हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. बोलणाऱ्याची तळमळ खरी असते, पण हिशेब चुकलेला असतो. माणसे मोजून संघ तयार होत नाही. हे मला पटले ते एका चिमुकल्या मुलुखातल्या पोरांमुळे. त्यांच्याविषयी आणि आपल्या जिल्ह्याविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा प्रपंच.

2017 साली सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली. 24 संघ आले होते. त्यांत न्यू कॅलेडोनिया नावाचा एक संघ होता. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात हा बेटांचा समूह आहे. तो फ्रान्सच्या अमलाखाली आहे. पण 2004 मध्ये फिफा या जागतिक संघटनेने त्याला सभासद करून घेतले, म्हणून मैदानात तो स्वतःच्या नावाने उतरतो. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत आपल्या एकट्या जालना शहराची लोकसंख्या 2 लाख 85 हजार होती, आणि जिल्ह्याची साडेएकोणीस लाखांवर. म्हणजे मोंढ्यापासून औद्योगिक वसाहतीपर्यंत आपल्या शहरात जेवढी माणसे राहतात, तेवढ्यांचाच हा 'देश'!

या पोरांचे इथे काय झाले? गुवाहाटीला पहिल्याच सामन्यात फ्रान्सने त्यांना 7-1 ने हरवले. दुसऱ्यात होंडुरासने 5-0 ने. तिसरा सामना कोलकात्यात, 14 ऑक्टोबरला, जपानशी. जपानने सुरुवातीलाच गोल केला. आता पुन्हा पाच-सात गोल होणार असेच कुणालाही वाटले असते. पण सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना जेकब जेनो या मुलाने गोल केला आणि 1-1 अशी बरोबरी झाली. त्या एका गुणावर त्यांना पुढची फेरी मिळाली नाही. पण बलाढ्य जपानला त्यांनी रोखले, हे कुणी पुसू शकणार नाही.

यावर कुणी म्हणेल, बरोबरीचे एवढे काय कौतुक? 2023 मध्ये इंडोनेशियात हाच संघ इंग्लंडकडून 10-0 ने आणि ब्राझीलकडून 9-0 ने हरला, ते का सांगत नाही? सांगते ना. मला तर त्या पराभवांसकट हा संघ जवळचा वाटतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्यासारखे कितीतरी जण या वर्गात आहेत. ज्यांच्या घरी आधी कुणी पदवीधर नाही, त्यांचा पहिला सामना नेहमी फ्रान्सशीच असतो! इंग्रजीचा पहिला तास, वाचनालयाची पहिली चिठ्ठी, पहिली तोंडी परीक्षा. तिथे किती गोल खाल्ले हे महत्त्वाचे नसते. तिसऱ्या सामन्याला मैदानात उतरलो की नाही, हे महत्त्वाचे असते. न्यू कॅलेडोनियाची पोरे उतरली. आणि मार्च 2025 मध्ये त्यांचा मोठ्यांचा संघ ओशनिया विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे न्यूझीलंडकडून 3-0 ने हरला खरा, पण मोठ्या विश्वचषकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच.

आता आपल्याकडे पाहू. त्याच 2017 च्या स्पर्धेत यजमान म्हणून भारतही खेळला. 9 ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने डोक्याने चेंडू मारून गोल केला. फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेतला भारताचा तो पहिला गोल. जॅक्सन मणिपूरचा. त्या 21 जणांच्या संघात तब्बल 8 खेळाडू मणिपूरचे होते. 2011 मध्ये त्या राज्याची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाख होती. आपल्या जिल्ह्याच्या दीडपटीहूनही कमी. आणि सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रातून पुढे आलेला अनिकेत जाधव होता कोल्हापूरचा. वडील रिक्षा चालवणारे. मुलगा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला.

कोल्हापूरचाच का, याचे उत्तर तिथल्या पेठांत आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची वाटतात. पण या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि ते शाहू स्टेडियमवर साखळी सामने खेळतात. पेठेची इभ्रत पणाला लागते, म्हातारी माणसेही सामना पाहायला येतात. तिथल्या लहान पोराला आपल्यापुढे कोण खेळते आहे ते दिसते, आणि पुढच्या आठवड्यात आपल्याला कुणाशी खेळायचे आहे ते ठाऊक असते. खेळाडू घडतो तो यातून.

आपल्या मातीत गुण नाहीत असे कुणी म्हणू नये. 2014 मध्ये एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकात भारताचा कर्णधार होता विजय झोल, आपल्या जालन्याचा. देशाच्या युवा संघाचे नेतृत्व जालन्याचे पोर करू शकते, हे सिद्ध झालेले आहे. मग फुटबॉलमध्येच आपण कुठे अडतो?

सप्टेंबर 2017 मध्ये शासनाने एकाच दिवशी राज्यभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. मी तेव्हा सहावीत होते. आमच्या शाळेतही चेंडू आले. त्या दिवशी मुलींनीही चेंडूला लाथ मारली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवसापासून चेंडू कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागले. पुढे 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्याचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला आणि स्पेनच्या मुलींनी कोलंबियाला 1-0 ने हरवले. मी तेव्हा अकरावीत, त्या मुलींच्याच वयाची. जालन्याहून मुंबई रेल्वेने एका रात्रीची वाट. पण आमच्या वर्गात एकीलाही त्या सामन्याचा पत्ता नव्हता! एका दिवसाचा उत्सव आणि रोजचा सराव यांत हा एवढा फरक आहे.

दुसरा दोष बाद पद्धतीचा. आपल्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्यांनी होतात. जो हरला तो घरी. तालुक्यालाच पहिला सामना हरला, की त्या पोराचे वर्ष संपले. मग तो शिकणार कधी? साधे गणित करा. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके. आठ संघ बाद पद्धतीने खेळले तर सगळे मिळून 7 सामने होतात, आणि चार संघ एकच सामना खेळून परततात. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले तर 28 सामने होतात, आणि सर्वांत दुबळ्या संघालाही 7 सामने मिळतात. न्यू कॅलेडोनियाला तिसरा सामना मिळाला तो गटात साखळी होती म्हणून. बाद पद्धत असती तर ती पोरे 7-1 चा कलंक घेऊन परत गेली असती, आणि जपानविरुद्धचा तो गोल झालाच नसता.

दुष्काळ, ऊन, पैशांची तंगी ही कारणे मला ठाऊक आहेत. मी मंठा तालुक्यातली आहे. पण आइसलँडमध्ये बर्फ आणि महिनोन्‌महिने अंधार असतो. लोकवस्ती तेव्हा सव्वातीन लाखांच्या घरात. त्यांनी छताखाली मैदाने बांधली आणि लहान मुलांनासुद्धा शिकलेले प्रशिक्षक दिले. 2011 मध्ये त्यांचा एकवीस वर्षांखालील संघ युरोपच्या अंतिम स्पर्धेला गेला. त्याच पोरांतले काही 2016 मध्ये इंग्लंडला हरवणाऱ्या संघात होते. आपल्याला छत नको. कार्तिक ते फाल्गुन आपली संध्याकाळ मोकळी आणि आल्हाददायक असते. दोन काठ्या रोवल्या की गोल तयार होतो. हवी आहे ती शिस्त आणि दर आठवड्याचा एक सामना.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आठही तालुक्यांतली मुले-मुली आपल्या महाविद्यालयात शिकतात. येत्या वर्षी तालुकावार आठ संघ करावेत, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे, आणि दर शनिवारी साखळी सामने घ्यावेत. क्रीडा विभागाने चेंडू आणि शिट्टी द्यावी. रेषा आखायला चुना आम्ही वर्गणी काढून आणू. प्राध्यापकांनी केवळ बक्षीस समारंभाला न येता मधल्या एखाद्या रटाळ सामन्यालाही यावे, ही नम्र विनंती. मंठ्याचा संघ पहिल्या शनिवारी सात गोलांनी हरला तरी हरकत नाही. दुसऱ्या शनिवारी तो मैदानात असेल, एवढे मी नाव देऊन सांगते.