विश्लेषण : खेळाडू, प्रशिक्षक, समालोचक... तरी टॉम हाइन्सन यांचे मोठे काम कोणते?

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये बॉस्टन सेल्टिक्सने २००८ पर्यंत १७ विजेतेपदे मिळवली. त्यांतील आठ वेळा टॉम हाइन्सन संघात खेळाडू होते. १९७४ आणि १९७६ मध्ये प्रशिक्षक. १९८१ पासून जवळपास चार दशके ते याच संघाच्या सामन्यांचे टीव्ही समालोचन करत. पक्षपाती? अगदी उघडपणे. पंचांवर ते घरच्या प्रेक्षकासारखे चिडत आणि बॉस्टनकरांना तेच आवडे. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र पुढच्या पिढ्यांसाठी मोलाची ठरली ती १४ जानेवारी १९६४ ची रात्र. हाइन्सन तेव्हा खेळाडू संघटनेचे अध्यक्ष होते. निवृत्तिवेतनाची मागणी संघमालक टोलवत होते. बॉस्टनमधला ऑल-स्टार सामना टीव्हीवर दिसणार होता. ऐन वेळी खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये अडून बसले. प्रक्षेपणाची वेळ टळली तर नुकसान मालकांचेच, हे त्यांनी अचूक हेरले होते. लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिल्यावरच ते मैदानात उतरले.

सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन हाइन्सन यांच्यावर जाहीरपणे संतापले. त्याच मोसमात सेल्टिक्सने विजेतेपद राखले, हाइन्सन यांच्यासह.