सात दारे आणि एकही नाही

उन्हाळा लागला की बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून वर्षाच्या गव्हाची पोती येऊन पडतात. गहू वाळवावा, निवडावा, एरंडेलाचा हात लावून कोठीत भरावा, तेलाचा पंधरा किलोंचा डबा आणून ठेवावा, की वर्षाची काळजी मिटली. त्याच पेठेत दिवे लागल्यावर, दिवसाची मजुरी हातात पडलेली एखादी बाई अर्धा किलो पीठ आणि तेलाची लहानशी पिशवी घेऊन घराकडे वळते. चूल दोन्ही घरी पेटते, मुले दोन्हीकडे जेवतात. हिशेब मांडला तर मात्र किलोमागे अधिक दाम त्या मजूर बाईनेच मोजलेले आढळतात. स्वस्त घेण्यासाठी आधी गाठीला रक्कम असावी लागते. ती नाही म्हणूनच तिला महाग घ्यावे लागते.

श्रीमंत कोणास म्हणावे आणि गरीब कोणास, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. एक पैशाचे, दुसरे मनाचे. मनाची श्रीमंती हीच खरी श्रीमंती, हे वाक्य बहुधा पोटभर जेवण झाल्यावर सुपारी कातरताना बोलले जाते. उपाशी माणसाच्या तोंडून ते आमच्या कानी कधी आले नाही. पैशाचे उत्तर अधिक प्रामाणिक खरे, पण तेही पुरते नव्हे. आमच्या मते खरा भेद दिसतो तो ठेच लागल्यावर. श्रीमंताला चुकण्याची, आजारी पडण्याची, उशीर करण्याची सवड असते. गरिबाला ती नसते. एक जण कपडे झटकून पुन्हा चालू लागतो, दुसऱ्याचे त्या एका ठेचेतच घर बसते.

चार दिवसांच्या तापाचेच पाहा. पगारी नोकराला तो रजेचा अर्ज असतो. रोजंदारीवर जाणाऱ्याला तो चार दिवसांचा खाडा, खाड्यापायी उचल, उचलीवर व्याज, आणि व्याज फेडता फेडता मुलीची सुटलेली शाळा असतो. पुढे आपणच म्हणतो की, अंथरूण पाहून पाय पसरायला हवे होते. ज्याला अंथरूणच नाही त्याने काय पाहावे, हे आपण सांगत नाही.

या सवडीचे मोल जाणायचे तर या शहराच्या इतिहासाकडेच पाहावे. १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेला गोपाळराव हा शेतकरी घरातील मुलगा बारा वर्षांचा होईतो लिहावाचायला शिकला नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. मुलगा तोच, बुद्धीही तीच. पण आता त्याला शिक्षक मिळाले, वेळ मिळाला, आणि बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून आरंभ करूनही कोणी ‘आता उशीर झाला’ असे म्हटले नाही. १८८१ च्या अखेरीस त्याने राज्याचा अधिकार हाती घेतला. कवळाण्याच्या शिवारात त्याच वयाची, तशाच बुद्धीची आणखी मुले नसतील काय? त्यांना ती सहा वर्षे कोणी दिली नाहीत, इतकेच.

महाराजांनी ही गोष्ट ओळखली होती असे त्यांच्या कारभारावरून म्हणावे लागते. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ साली साऱ्या राज्यास लागू केले. हे काम मोठेच. तरीही मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास जो दंड होई, तो व्यापाऱ्याने बंडीच्या खिशातून काढून द्यावा आणि मजुराने त्यासाठी पोटाला चिमटा घ्यावा, असाच होता. त्यातही मजुराचे मूल गुरे राखत असे किंवा धाकटे भावंड सांभाळत असे. कायदा एकच असला तरी त्याचे ओझे दोघांच्या पाठीवर सारखे पडत नाही.

आणखी एक गोष्ट याच शहरात घडली; ती सांगताना आपली मान खाली जावी. १९१३ साली बडोदे दरबारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते परत येऊन दरबारच्या नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, पगार होता, महाराजांचा आश्रय होता. राहायला खोली मात्र या शहरात मिळेना. नाव लपवून एका धर्मशाळेत आसरा घेतला, तर जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. ओळखीच्यांकडेही सोय होईना, तेव्हा ते कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. खिशातला पैसा त्या दिवशी त्यांच्या कामी आला नाही. ठोठवायला दार नव्हते.

आता आपल्या घरातील गोष्ट आठवा. आमचे आजोबा अत्यंत गरिबीत शिकले, वार लावून जेवले, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही असते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार. याचाच दुसरा अर्थ असा की, परक्या शहरात त्या निर्धन मुलासाठी सात दारे उघडी होती, आणि ती बहुधा त्याचे कुळ व जात पाहूनच उघडली होती. आजोबांच्या कष्टांना यामुळे उणेपणा येत नाही. पण ज्याला सात दारे होती त्याची गरिबी आणि ज्याला एकही नव्हते त्याची गरिबी, या एका तराजूत तोलता येणार नाहीत. आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला मध्यमवर्गीय म्हणत आलो, वेळप्रसंगी गरीबही म्हणवून घेतले. या मापाने पाहिले तर आपण पूर्वीपासून श्रीमंतच होतो.

असे असेल तर आपल्यावर काही येणे निघते. ते फेडण्यास राजा असावे लागत नाही. घरी काम करणारी बाई आजारी पडली तर तिचे दिवस न कापणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. मुलाच्या फीसाठी कोणी उचल मागितली तर आधी उपदेश न करणे, हेही जमेल. आणि वाड्याच्या माडीवरची रिकामी खोली विचारायला कोणी तरुण आला, तर भाडे किती परवडेल हे विचारण्याआधी ‘आडनाव काय?’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येतो की नाही, हे ज्याचे त्याने तपासावे. १९१७ साली या शहरात बंद राहिलेली दारे काही सरकारची नव्हती. ती घरांची होती, आणि त्यांच्या कड्या आतूनच लावलेल्या होत्या.