वर्षाची जमा, तासांची उधारी

छपरावर सौर पट्ट्या आणि अंगणात विजेवर चालणारी मोटार, या जोडीविषयी गेले वर्षभर महाराष्ट्रात जे बोलले आणि लिहिले गेले, त्यात एक विधान इतक्या वेळा आले की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. अशा घरातील मोटार सूर्याच्या विजेवर धावते, तिच्या प्रवासाला खर्च पडत नाही आणि तिच्यापायी कुठेही कोळसा जळत नाही, असे ते विधान आहे. ते करणारे लोक अप्रामाणिक नाहीत आणि वर्षाचे वीजबिल समोर ठेवले तर त्यांची बेरीजही चुकत नाही. तरीही ते अर्धेच खरे आहे, कारण ते वर्षाच्या बेरजेवर उभे आहे आणि वीज मात्र ज्या क्षणी लागते त्याच क्षणी कुठेतरी निर्माण व्हावी लागते. या अर्धसत्यावर समाधान मानल्यामुळे सौरऊर्जा आणि विद्युत वाहने यांविषयीचे आपले सार्वजनिक धोरण चुकीच्या प्रश्नांभोवती फिरत राहिले आहे, म्हणून यंदाचे संपादकीय त्यालाच दिले आहे.

सरत्या वर्षात बोलावे असे इतरही पुष्कळ घडले. प्राथमिक शाळेतील तिसऱ्या भाषेचा वाद शासन निर्णय मागे घेण्यापर्यंत गेला, शिवकालीन दुर्गांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि सप्टेंबरातील पुराने मराठवाड्यातील उभी पिके नेली. २० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. मोजमापाची कसोटी न लावता कोणतेही विधान स्वीकारू नये, हा त्यांनी मराठी वाचकांना आयुष्यभर दिलेला धडा होता. पुढील विवेचन त्या धड्याला धरून आहे.

प्रथम मोजमाप पाहू. एक किलोवॉट भार तासभर चालला की जी वीज खर्च होते तिला एक युनिट म्हणतात. महाराष्ट्रात एक किलोवॉट क्षमतेचा छपरावरील सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो आणि त्याला सुमारे दहा चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. म्हणजे तीन किलोवॉटच्या संचापासून दिवसाला बारा युनिट मिळतात, जरी जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, हा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. लहान विद्युत मोटार एका युनिटमध्ये सहा ते सात किलोमीटर जाते, त्यामुळे रोज चाळीस किलोमीटरचा प्रवास असलेल्या कुटुंबाला मोटारीसाठी सहा-सात युनिट पुरतात आणि उरलेल्या पाच-सहा युनिटांत मध्यमवर्गीय घराचा बाकीचा वापरही बहुतांशी भागतो. कागदावरचे हे गणित निर्दोष आहे. त्यात फक्त घड्याळ नाही.

सौर संच सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळात जवळजवळ सगळी वीज निर्माण करतो, आणि नोकरदाराची मोटार नेमक्या याच वेळात कार्यालयाच्या वाहनतळावर किंवा स्थानकाबाहेर उभी असते. ती सातच्या सुमारास घरी येते आणि तेव्हा तिला जोडले जाते. या दोन वेळांमधली दरी बुजवण्याचे काम नेट मीटरिंग ही व्यवस्था करते. घरातून विजेच्या जाळ्यात गेलेली आणि जाळ्यातून घरात आलेली वीज स्वतंत्रपणे मोजून त्यांच्या वजाबाकीवर बिल आकारणे, म्हणजे नेट मीटरिंग. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी ही व्यवस्था पक्की केली. त्यांनुसार शिल्लक युनिट पुढील महिन्यात ओढता येतात आणि ३१ मार्चला जे उरतील ते वितरण कंपनी ठरावीक दराने विकत घेते. घरोघरी सौर संच पोहोचावेत म्हणून ही सवलत आवश्यक होती आणि तिचे श्रेय आयोगाला दिलेच पाहिजे. परंतु जाळ्यात सोडलेली वीज तिथे ठेव म्हणून पडून राहते, हा समज चुकीचा आहे. दुपारी शेजाऱ्याला दिलेले दूध त्याच्या घरी तेव्हाच संपलेले असते, आणि रात्री ते परत मागितले तर त्याला दुसरी म्हैस पिळावी लागते.

ती दुसरी म्हैस कोळशाची आहे. महाराष्ट्राची रात्र मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी येथील औष्णिक केंद्रांवर आणि त्यांच्यासारख्या खासगी व केंद्रीय केंद्रांवर चालते. एकट्या चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोयनेचे १,९६० मेगावॉट सायंकाळच्या मागणीला मोठा आधार देतात, पण त्यामागे पाण्याच्या वाटपाची मर्यादा आहे. पाणी वर उपसून ठेवून गरजेच्या वेळी त्यावर वीज काढण्याच्या पद्धतीला उदंचन म्हणतात; तिचा घाटघर येथील प्रकल्प अवघा २५० मेगावॉटचा आहे. देशाच्या जाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्या विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या वाट्याला दर किलोमीटरला शंभर ते एकशेवीस ग्रॅम येतात. लिटरला सोळा ते अठरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल मोटारीच्या धुरात हाच आकडा एकशेतीस ते एकशेपंचेचाळीसच्या घरात असतो. शहराच्या रस्त्यावरचा धूर टळतो, आणि हा लाभ खरा आहे. पण हवामानाच्या दृष्टीने रात्रीच्या विजेवरची मोटार जेवढी सांगितली जाते तेवढी निर्मळ नाही, आणि जो धूर शहरातून जातो त्याचा एक भाग चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दुपारी जाळ्यात दिलेल्या प्रत्येक युनिटमागे तेवढा कोळसा वाचतोच, मग रात्री घेतलेल्या युनिटचा दोष का लावायचा? सौरवीज थोडी होती तोवर हा युक्तिवाद पूर्ण टिकत होता, परंतु ती वाढू लागल्यावर तो दुबळा होत जातो. कोळशाचा संच दिव्यासारखा विझवता आणि पेटवता येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांनी तो दुपारी क्षमतेच्या पंचावन्न टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तयारी सक्तीची केली, पण त्याखाली जाणे बहुतेक जुन्या संचांना अजून जमत नाही. त्यामुळे दुपारची सौरवीज जसजशी वाढेल तसतसा तिचा काही भाग सामावून घेणे जड जाईल, आणि सूर्य मावळताच मागणीचा चढ अधिकाधिक उभा होत जाईल. त्याच चढावर हजारो मोटारी एकाच वेळी जोडल्या गेल्या, तर सौर संचांनी वाचवलेले बरेचसे पुन्हा खर्ची पडेल.

नियामकांना हे दिसत नाही असे नाही. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर (टाइम ऑफ डे, टीओडी), म्हणजे उन्हाच्या तासांत स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत महाग वीज, हे तत्त्व घरगुती ग्राहकांपर्यंत आणले, आणि महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळातील वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. दिशा योग्य आहे. पण ज्याची मोटार दुपारी घरी नाही त्याला ही सवलत घेता येत नाही, आणि ती दुपारी जिथे आहे तिथे साधा प्लगही नाही.

खरा प्रश्न म्हणूनच छपरांपेक्षा वाहनतळांचा आहे. चाळीस किलोमीटरची तूट भरून काढायला महागडे वेगवान चार्जिंग केंद्र लागत नाही. घरातील गीझर ज्या प्रकारच्या पंधरा अँपिअरच्या जोडणीवर चालतो तशाच जोडणीतून सुमारे तीन किलोवॉटने अडीच तासांत ते काम होते, आणि कार्यालयातील मोटार आठ तास एका जागी उभी असते. चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड येथील कारखान्यांची अफाट छपरे, हिंजवडीतील कार्यालयांची वाहनतळे, महाविद्यालये, जिल्हा परिषदा, न्यायालये, आणि बदलापूर-कर्जतसारख्या स्थानकांबाहेरच्या जागा, जिथे सकाळी लावलेली वाहने सायंकाळीच हलतात, या सर्व ठिकाणी वर सौर पट्ट्यांचा मांडव आणि खाली संथ चार्जिंगची ओळ उभारली, तर वीज निर्माण होईल तिथेच आणि तेव्हाच खर्च होईल. चार्जिंगची सेवा देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे कायदा आड येतो ही सबब उरलेली नाही. महामार्गावर वेगवान केंद्रे हवीतच, परंतु धोरणाचे सगळे लक्ष तिकडे जाणे आणि रोजच्या प्रवासाची साधी गरज दुर्लक्षित राहणे, हा क्रम उलटा आहे.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. विद्युत मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, वाहनकरात सूट आहे, ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर टोल नाही. स्वतःचे छप्पर असलेल्याला पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि रात्रीसाठी जाळे वापरण्याची नेट मीटरिंगची सोय आहे. या सर्व सवलती एकाच व्यक्तीला मिळायच्या असतील तर तिच्याकडे बंगला असावा लागतो. डोंबिवलीत भाड्याने राहणारे कुटुंब किंवा पिंपरीतील सातव्या मजल्यावरचा सदनिकाधारक यांना छप्पर नाही, पण रात्रीची वीज सर्वांना पुरवण्याचा खर्च त्यांच्याही दरात आहे. या सवलती काढून घ्याव्यात असे येथे म्हणायचे नाही. त्या ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत त्यांच्यापर्यंत नेण्याची निकड तेवढीच मोठी आहे, असे म्हणायचे आहे.

तो मार्ग सहकारी गृहनिर्माण संस्थांतून जातो. महाराष्ट्रात अशा लाखाहून अधिक संस्था आहेत आणि त्यांची गच्ची ही सामाईक मालमत्ता आहे. साठ सदनिकांच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि जिन्याची खोली सोडून तीनशे चौरस मीटर जागा मोकळी असेल, तर तीस किलोवॉटचा संच बसतो आणि दिवसाला सरासरी एकशेवीस युनिट देतो. त्यावर रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्या सुमारे अठरा मोटारी चालू शकतात. सूर्यघर योजनेत संस्थांच्या सामाईक सोयींसाठी, आणि त्यांत वाहन चार्जिंग स्पष्टपणे समाविष्ट करून, किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे; फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीने चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची मुभाही दिली आहे. एवढे असताना कितीतरी संस्थांत अर्ज ना-हरकत पत्रासाठी सर्वसाधारण सभेतून सर्वसाधारण सभेत ढकलला जातो, आणि मग जिन्याच्या मीटरवरून चोरून ओढलेल्या वायरीने वाद, धोका आणि वैर तिन्ही वाढतात. एका जागी निर्माण झालेली सौरवीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वळती करण्याच्या पद्धतीला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीने ती २०१९ मध्ये स्वीकारली. महाराष्ट्रातील कोणत्याही संस्थेला ती एका साध्या अर्जावर मिळाली पाहिजे, आणि ना-हरकत पत्राला ठरावीक मुदतीचे बंधन घातले पाहिजे.

ही अपेक्षा अवास्तव नाही, हे याच राज्यातील शेतकऱ्याने दाखवून दिले आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याला रात्रीची वीज मिळाली, साप, बिबट्या आणि थंडी यांच्यात त्याने पिकाला पाणी दिले, आणि दिवसा वीज द्या ही त्याची मागणी शहरांना कधी आपली वाटली नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्याने आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून कृषिपंपांना दिवसाच्या विजेवर आणण्याचे काम हाती घेतले आहे. खेड्यातला पंप सूर्याच्या वेळापत्रकावर येऊ शकतो, तर शहरातली मोटार येऊ शकत नाही असे म्हणता येणार नाही.

धोरणाची वाट न पाहता करता येण्यासारखेही काही आहे. रोजचा प्रवास तीस किलोमीटरच्या आत असेल तर चाळीस युनिटांच्या बॅटरीची मोटार एकदा भरली की कामाचे पाच-सहा दिवस काढते आणि शनिवार-रविवारच्या दुपारी पुन्हा भरता येते. निवृत्तांच्या घरी तर ती बहुतेक दुपारी उभीच असते. रात्रीच जोडणे भाग असेल, तर वेळ लावून ते मध्यरात्रीनंतर सुरू करता येते, म्हणजे निदान सायंकाळच्या चढावर भार पडत नाही. या मासिकाचा वाचक स्वतःचा नफा पाहून तिथेच थांबणारा नाही, हे गृहीत धरूनच हे लिहिले आहे.

प्रस्तुत अंकाचे सूत्र ‘छप्पर’ आहे. स्थलांतर, भाडेकरूंचे कायदे, कौलांची कारागिरी आणि बेघरांचे प्रश्न अशा वाटांनी लेखकांनी ते हाताळले आहे, आणि वीज हा त्यातला एक धागा आहे. दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीत पहिली नोंद होते. सौर संचाच्या प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने या वर्षीच्या वहीत वर्षाच्या बेरजेशेजारी तासांचा एक रकाना आखावा. सूर्यावर चालतो असे म्हणण्याचा अधिकार सूर्य असताना वीज वापरणाऱ्याला आहे, आणि तो अधिकार छप्पर नसलेल्यालाही मिळवून देणे ही शासनाची, आयोगाची आणि संस्थांच्या सर्वसाधारण सभांची जबाबदारी आहे. पुढील दिवाळीपर्यंत प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्यालयात निदान एका सरकारी वाहनतळावर सौर मांडव आणि संथ चार्जिंग उभे राहावे, ही या अंकाची जाहीर मागणी आहे.